फाउंडेशन डिरेक्टरी आणि तिची भावंडं: हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने पैसे कुठे मोजावेत, कुठे नाही

अमेरिकेत नागरी हक्कांचं किंवा सामाजिक न्यायाचं काम करणारी छोटी संस्था अनुदान शोधायला निघाली की पहिलं नाव कानावर येतं ते कॅन्डिडच्या फाउंडेशन डिरेक्टरीचं, म्हणजे कोणत्या फाउंडेशनने कोणाला पैसे दिले हे शोधून देणाऱ्या सशुल्क माहितीसंग्रहाचं. निकाल आधीच सांगून टाकतो. माहिती अव्वल आहे, शोधयंत्र ठीकठाक आहे, आणि वर्षभराची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरण्याची गरज बहुतेक संस्थांना नाही. ज्यांना ती भरावीशी वाटते त्यातले निम्मे लोक तिचा उपयोग उलट्या बाजूने करतात. शोधचौकटीत ‘वांशिक न्याय’ किंवा ‘मतदान हक्क’ टाकतात, शेकडो नावांची यादी खाली उतरवतात आणि प्रत्येकाला एकच पत्र धाडतात. उत्तर येत नाही ते यामुळेच. या अवजारात मोलाची गोष्ट एकच आहे: तुमच्यासारखं काम करणाऱ्या संस्थांना आजवर पैसे कोणी दिले, किती दिले आणि किती वेळा दिले, याची नोंद.

कॅन्डिड ही २०१९ साली फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या दोन संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. पहिलीकडे अनुदानांच्या नोंदी होत्या, दुसरीकडे संस्थांच्या. ही दोन्ही दालनं आता एका छताखाली आणली जात आहेत, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतली बटणं जागेवर सापडली नाहीत तर गोंधळून जाऊ नका. आतला माल तोच आहे.

हा माल येतो कुठून, ते समजलं की अर्धं काम झालं. प्रत्येक खासगी फाउंडेशनला (सहसा एका कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या) दरवर्षी करखात्याकडे ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. वर्षभरात कोणाला किती रक्कम दिली याची पूर्ण यादी त्यात असते. काही मोठी फाउंडेशनं कॅन्डिडला थेटही माहिती पुरवतात, पण मधल्या आणि छोट्या फाउंडेशनांसाठी हा फॉर्म हाच मुख्य झरा. तो उशिरा वाहतो. कॅलेंडर वर्षावर चालणाऱ्या फाउंडेशनची मुदत पुढच्या वर्षीची १५ मे, आणि मुदतवाढ घेतली तर १५ नोव्हेंबर. म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये दिलेलं अनुदान नोव्हेंबर २०२५ नंतर पडद्यावर आलं तरी त्यात नियमबाह्य काही नाही. एखादं फाउंडेशन मधल्या काळात आपली सगळी दिशा बदलून बसलेलं असतं आणि तुम्हाला जुनाच चेहरा दिसत राहतो. म्हणून डिरेक्टरीतून नाव मिळालं की फाउंडेशनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन चालू धोरण वाचणं ही पायरी टाळता येत नाही.

शोधाची पद्धत अशी ठेवा. तुमच्यासारखं काम, तुमच्याएवढं किंवा तुमच्या दुपटीपर्यंतचं अंदाजपत्रक आणि तुमच्यासारखाच भूभाग असलेल्या आठ-दहा संस्था निवडा. देशभर नाव असलेल्या बलाढ्य संस्था मुद्दाम टाळा, कारण त्यांना पैसे देणारे तुम्हाला देतीलच असं नाही. प्रत्येक संस्थेचा ईआयएन, म्हणजे नऊ आकडी करक्रमांक, आधी लिहून घ्या. नावाने शोधलं तर एकाच नावाच्या तीन संस्था निघतात आणि एकाच संस्थेची नोंद दोन स्पेलिंगने सापडते. मग अनुदान घेणाऱ्याच्या रकान्यात एकेक क्रमांक टाका. निघालेल्या ओळी एका तक्त्यात घाला: देणारा, वर्ष, रक्कम, उद्देश. आठ-दहा संस्थांचा तक्ता झाला की काही नावं तीन-चार ठिकाणी परत परत दिसू लागतात. तीच तुमची खरी यादी. ती सहसा पंधरा-वीस नावांची असते, आणि तेवढी पुरते.

आता त्या प्रत्येक नावाचा मूळ फॉर्म उघडा. डिरेक्टरीतली गोषवाऱ्याची पानं दिसायला देखणी असतात, पण निर्णय घेण्यासारखी माहिती फॉर्मातच असते. पहिल्याच पानावर वर्षअखेरची एकूण मालमत्ता बाजारभावाने दिलेली असते. कायद्याप्रमाणे खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या सुमारे ५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च करावी लागते, आणि स्वतःचा काही प्रशासकीय खर्चही त्यातच धरता येतो. समजा मालमत्ता ४ कोटी डॉलर आहे. ५ टक्के म्हणजे २० लाख. यादीत साठ अनुदानं असतील तर सरासरी तीस-पस्तीस हजारांच्या आसपास येते. पण सरासरीवर जाऊ नका. यादी रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि मधली रक्कम पाहा. वरची चार अनुदानं दोन-दोन लाखांची आणि मधलं पंधरा हजारांचं, असं चित्र नेहमी दिसतं. मग अजून एक गोष्ट करा, जी फार थोडे लोक करतात: लागोपाठच्या दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून नवीन नावं किती आली ते मोजा. साठातली चौपन्न तीच असतील तर नव्यांसाठी सहाच जागा आहेत, आणि त्या सहांना मिळालेली रक्कम हीच तुमच्या मागणीची खरी मर्यादा. तिथे एक लाखाचा अर्ज टाकणं म्हणजे नकार मागून घेणं.

फॉर्मचा चौदावा भाग (जुन्या फॉर्मांवर पंधरावा) नीट वाचा. तिथे दुसऱ्या ओळीवर एक चौकोन असतो. त्यात खूण असेल तर हे फाउंडेशन आधीच ठरवलेल्या संस्थांनाच पैसे देतं आणि न मागवलेले अर्ज घेत नाही. खूण नसेल तर खाली अर्ज कोणाकडे, कोणत्या स्वरूपात, कधीपर्यंत पाठवायचा आणि कोणत्या अटी आहेत हे चार उपविभागांत लिहिलेलं असतं. खूण दिसली की बरेच जण नाव खोडतात. ते घाईचं आहे. खूण असलेल्या फाउंडेशनच्या यादीतही दरवर्षी नवी नावं येतात. ती अर्जातून आलेली नसतात, विश्वस्तांच्या ओळखीतून आलेली असतात. म्हणून त्याच फॉर्ममधली विश्वस्तांची यादी तुमच्या कार्यकारिणीपुढे ठेवा आणि कोण कोणाला ओळखतं ते विचारा. ओळख निघाली नाही तर मात्र खरंच खोडा. तिसऱ्या ओळीचे दोन भाग असतात: यंदा दिलेलं, आणि पुढच्या वर्षांसाठी मंजूर केलेलं. दुसऱ्या भागात मोठी रक्कम अडकलेली असेल तर पुढची एक-दोन वर्षं त्यांचा हात आखडलेला राहणार.

डिरेक्टरीच्या उणिवा आता सांगायला हव्यात, कारण या क्षेत्रात त्या इतरांपेक्षा जास्त बोचतात.

पहिली उणीव म्हणजे प्रायोजक संस्थांची सावली. हक्कांच्या चळवळीतले कितीतरी गट स्वतः नोंदणीकृत ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, नसतात. ते टाइड्स सेंटर किंवा निओ फिलान्थ्रॉपीसारख्या वित्तीय प्रायोजकाच्या छत्राखाली काम करतात. पैसे प्रायोजकाच्या नावावर येतात, नोंदही तिथेच होते. गटाच्या नावाने शोधलंत तर शून्य निकाल येतो आणि त्याला कोणी पैसेच देत नाही असा समज होतो. इथे प्रायोजकाचा ईआयएन टाकायचा आणि उद्देशाच्या मजकुरात गटाचं नाव शोधायचं. उद्देशाच्या जागी नुसतं ‘सर्वसाधारण साहाय्य’ लिहिलेलं असेल तर हा माग तिथेच तुटतो.

दुसरी, दात्याच्या सल्ल्याने चालणारे निधी. फिडेलिटी चॅरिटेबलसारख्या संस्थांमध्ये श्रीमंत माणूस पैसे ठेवतो आणि कुठे द्यायचे ते सुचवतो. अशा निधींना ५ टक्क्यांचं बंधन नाही. त्यांची अनुदानं साध्या ९९० फॉर्मच्या शेड्यूल आय या अनुदानांच्या जोडयादीत येतात, तीही ५,००० डॉलरच्या वरची, आणि सल्ला देणाऱ्या माणसाचं नाव त्यात कधीच नसतं. डिरेक्टरीत ‘फिडेलिटी चॅरिटेबलने या संस्थेला ४०,००० दिले’ असं दिसलं म्हणून तिथे अर्ज पाठवणं निरर्थक आहे. अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांच्या देणग्याही बऱ्याचदा अशाच वाटेने येतात. मात्र त्यांच्या यील्ड गिव्हिंग या देणगी उपक्रमाने स्वतःची यादी डिसेंबर २०२२ पासून खुली ठेवली आहे, ती फुकट चाळता येते. अर्ज मात्र एरवी घेतले जात नाहीत. २०२३ मध्ये खुलं आवाहन झालं होतं, त्यातून मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिल्याचं जाहीर झालं.

तिसरी उणीव अलीकडची, आणि शब्दांनी शोधणाऱ्यांची खरी अडचण तीच. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड प्रकरणात विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार थांबवला. जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने फिअरलेस फंड या गुंतवणूक निधीची कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांपुरती मर्यादित अनुदान स्पर्धा रोखली. आधार होता १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं, करारांमधल्या वांशिक भेदभावाला बंदी घालणारं कलम १९८१. त्याच सप्टेंबरात तडजोड होऊन ती स्पर्धा बंद झाली. तेव्हापासून कित्येक फाउंडेशनांच्या वकिलांनी पात्रतेचा मजकूर धुऊन काढला. वंशाचे उल्लेख गेले, त्या जागी ‘समुदायाची ताकद’, ‘संधी’, ‘आपलेपणा’ असे गुळगुळीत शब्द आले. पैसे बऱ्याच ठिकाणी त्याच संस्थांना जात आहेत. म्हणजे शब्दाने शोधणाऱ्याला दार बंद दिसतं, आणि घेणाऱ्यांच्या नावाने शोधणाऱ्याला ते उघडं सापडतं.

मग हे पैसे देऊन घ्यावं का? आधी फुकटचे मार्ग बघा. कॅन्डिडच्या फंडिंग इन्फर्मेशन नेटवर्कमध्ये देशभरातली सार्वजनिक ग्रंथालयं, विद्यापीठं आणि कम्युनिटी फाउंडेशनं आहेत. तिथल्या संगणकावर डिरेक्टरी विनामूल्य वापरता येते. शिवाय वार्षिक उत्पन्न १० लाख डॉलरच्या आत असलेल्या संस्थेने कॅन्डिडवरच्या आपल्या प्रोफाइलला पारदर्शकतेची सुवर्ण मुद्रा मिळवली की सभासदत्व वर्षभरासाठी मोफत देण्याची कॅन्डिडची योजना आहे. मुद्रा चार प्रकारच्या असतात: कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम. सुवर्णासाठी आर्थिक ताळेबंद आणि नेतृत्वाची माहिती भरावी लागते. कागद हाताशी असतील तर हे एका दुपारचं काम आहे, आणि अनुदान देणारेही ती मुद्रा बघतात.

प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या वृत्तसंस्थेचा नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर पूर्ण फुकट आहे आणि त्याचं एक बळ डिरेक्टरीच्या तोडीचं आहे: इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरलेल्या फॉर्मांचा पूर्ण मजकूर शोधता येतो. एखाद्या संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाकलं की ते ज्या ज्या फॉर्ममध्ये आलंय ते सगळे समोर येतात. वर सांगितलेली प्रायोजकाची अडचणही इथे बरीच सुटते. अनुदानं रकमेप्रमाणे गाळणं, त्यांचा नीट तक्ता उतरवून घेणं मात्र इथे जमत नाही. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत त्याने इथूनच सुरुवात करावी.

इन्स्ट्रुमेंटल हे सशुल्क शोधयंत्र वेगळ्या धाटणीचं आहे. ते तुमच्या प्रकल्पाचं वर्णन घेतं, चालू असलेल्या संधी सुचवतं, मुदती आणि अहवालांच्या तारखा एका जागी लावून ठेवतं आणि प्रत्येक फाउंडेशनच्या फॉर्मांवरून नव्या-जुन्या लाभार्थींचं प्रमाण आयतं काढून देतं. वरची मोजणी हाताने करायचा कंटाळा असेल तर ही सोय खरोखर चांगली आहे. पण महिन्याची वर्गणी शेकडो डॉलरांत आहे. वर्षाला पंचवीसेक अर्ज करणारी, पूर्णवेळ अनुदान लेखक असलेली संस्था ती वसूल करते. दोन माणसांच्या कार्यालयाने या वाटेला जाऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे ते उघड्या आवाहनांवर भर देतं, आणि हक्कांच्या कामातले चांगले पैसे फारदा उघड आवाहनातून येत नाहीत.

त्यासाठी जस्टफंड बघावं. ही सामाजिक न्यायाच्या कामासाठीचीच सामाईक अर्जाची व्यवस्था आहे. एकदा अर्ज भरायचा, तो अनेक देणाऱ्यांना दिसतो, आणि अर्जदाराला काही मोजावं लागत नाही. तिथल्या अर्जाचा मजकूर जपून लिहा. एकच अर्ज अनेकांच्या नजरेखाली जाणार असल्याने एका फाउंडेशनला खूश करायला लिहिलेलं वाक्य दुसऱ्याकडे खटकतं.

चळवळीला पैसे देणारी सार्वजनिक फाउंडेशनं ही यादीतली सगळ्यात दुर्लक्षित जागा. बॉस्टनचा हेमार्केट पीपल्स फंड, फिलाडेल्फियाचा ब्रेड अँड रोझेस कम्युनिटी फंड, न्यूयॉर्कचा नॉर्थ स्टार फंड, लॉस एंजेलिसचं लिबर्टी हिल, सगळे सत्तरच्या दशकातले. हे स्वतः देणग्या गोळा करून वाटतात, त्यामुळे ते ९९०-पीएफ भरत नाहीत. त्यांची यादी शेड्यूल आयमध्ये शोधायची. रकमा छोट्या असतात, पण अर्ज वाचणाऱ्यांत चळवळीतलेच कार्यकर्ते असतात आणि अंदाजपत्रक अगदी लहान असलं तरी कोणी नाक मुरडत नाही. त्यांच्या यादीत नाव आलं की मोठ्या फाउंडेशनचा कार्यक्रम अधिकारी फोन उचलतो, हा त्याचा खरा फायदा. कोर्टातल्या व्यापक परिणामाच्या खटल्यांसाठी बर्कलीचा इम्पॅक्ट फंड वेगळा नोंदवून ठेवा. खटल्याच्या खर्चाला अनुदान देणारे मुळात फार थोडे.

नाव सापडल्यावर मागणी कशी मांडायची यात दोन कायदेशीर खाचा आहेत, आणि कोणतंही शोधयंत्र त्या सांगत नाही. खासगी फाउंडेशनला कायदेमंडळावर दबाव आणण्याच्या कामासाठी राखून पैसे देता येत नाहीत. पण सर्वसाधारण साहाय्य देता येतं. एखाद्या प्रकल्पात असं काम असलं तरीही, त्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातल्या उरलेल्या भागाएवढी रक्कम देता येते. म्हणून प्रकल्पाचं अंदाजपत्रक ८०,००० असेल आणि त्यातले १५,००० विधेयकाच्या पाठपुराव्यावर असतील तर एका फाउंडेशनकडे मागणी ६५,००० पर्यंतच ठेवा, आणि ते १५,००० वेगळ्या ओळीत दाखवा. लपवू नका. तुमच्या बाजूने एकपानी फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) पर्याय, म्हणजे अशा कामाची मर्यादा खर्चाच्या टक्क्यांत मोजण्याची निवड, घेतलेला असावा. मग पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत असं काम करता येतं, आणि त्यातला चौथा हिस्सा जनतेला आवाहन करण्यावर. ३ लाखांच्या संस्थेला ६०,००० आणि त्यापैकी १५,००० असं ते गणित बसतं.

दुसरी खाच मतदार नोंदणीची. खासगी फाउंडेशनला त्यासाठी राखून पैसे द्यायचे तर घेणारी संस्था पाच किंवा अधिक राज्यांत काम करणारी हवी आणि मोहीम एकाच निवडणुकीपुरती नसावी. एका राज्यातल्या संस्थेने हा शब्द घालून खासगी फाउंडेशनकडे अर्ज पाठवला की पहिल्या वाचनातच तो बाजूला पडतो, आणि कारण कोणी कळवत नाही. हेच काम सार्वजनिक फाउंडेशनकडे मागा. त्यांना हे बंधन नाही.

ग्रँट्स डॉट गव्ह, म्हणजे केंद्र सरकारची अनुदानं, यावर जास्त वेळ घालवण्यासारखी सध्याची हवा नाही. सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी, यूईआय हा बारा अक्षरी ओळखक्रमांक आणि दरवर्षी नूतनीकरण लागतं. हे सगळं फुकट आहे, पैसे मागणारी पत्रं आली तर ती ठगांची किंवा मध्यस्थांची समजा. पडताळणीला काही आठवडे जातात, म्हणून आवाहन निघाल्यावर नोंदणी सुरू केली तर मुदत हुकते. ऑक्टोबर २०२४ पासून अप्रत्यक्ष (म्हणजे कार्यालय चालवण्याच्या) खर्चासाठी वेगळा दर ठरवून न घेता लावता येणारा दर १० वरून १५ टक्क्यांपर्यंत गेला, ही एक चांगली गोष्ट. पण २१ जानेवारी २०२५ च्या १४१७३ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने घेणाऱ्या संस्थेकडून बेकायदा विविधता कार्यक्रम चालवत नसल्याचं प्रमाणपत्र मागितलं आणि ते खोट्या दाव्यांच्या कायद्याला जोडलं, जिथे भरपाई सरकारच्या नुकसानीच्या तिपटीपर्यंत जाते. या सहीआधी वकिलाला मजकूर दाखवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत एचयूडीने, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, घरांमधल्या भेदभावाविरुद्धच्या फेअर हाउसिंग इनिशिएटिव्हज प्रोग्रॅममधली अनेक चालू अनुदानं मध्येच थांबवली आणि प्रकरण कोर्टात गेलं. खर्च आधी करून परतावा मागण्याची पद्धत असलेल्या अनुदानात असं झालं तर पगाराचे पैसे संस्थेच्या अंगावर येतात. तीन महिन्यांची गंगाजळी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

आणि तरीही डिरेक्टरीची वर्गणी घ्यायचीच असेल तर महिन्याची घ्या, वर्षाची नको. सशुल्क महिना सुरू होण्याआधी आठ-दहा संस्थांचे ईआयएन, तुमचा जिल्हा आणि राज्य, आणि तक्त्याचा साचा तयार ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळ्या याद्या उतरवून घ्या, पुढच्या दोन आठवड्यांत मूळ फॉर्म वाचा, आणि आपोआप नूतनीकरण होण्याच्या तारखेआधी रद्द करा. पुढची फेरी डिसेंबरनंतर घ्या, कारण १५ नोव्हेंबरपर्यंत भरलेले फॉर्म त्या सुमाराला दिसू लागतात.